डुबॉइसच्या गुहेतला माणूस: नाव सापडायला चाळीस वर्षं का लागली?

रानवाट
गेल्या महिन्यात अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या आयडाहो फॉल्सहून गाडीने मोंटानाकडे निघालो होतो. वाटेत डुबॉइस नावाचं गाव लागतं. क्लार्क काउंटीचं मुख्य ठिकाण, पण अख्ख्या काउंटीची वस्ती हजाराच्या आत. दोन्ही बाजूंना काळा लाव्हा आणि त्यावर राखी रंगाची सेजब्रशची खुरटी झुडपं. वाळूच्या टेकड्या नाहीत तरी हे वाळवंटच. पाऊस अगदी कमी, हिवाळा हाडं गोठवणारा. याच टापूत सिव्हिल डिफेन्स केव्ह्ज नावाच्या गुहा आहेत. शीतयुद्धाच्या काळात अणुहल्ला झालाच तर लोकांनी आसरा घ्यावा म्हणून त्या राखून ठेवल्या होत्या, त्यावरून हे नाव पडलं. मी गुहेत उतरलो नाही. पण तिथे सापडलेल्या एका माणसाची हकीकत मला माहीत होती आणि ती इथे मांडावी असं तेव्हापासून डोक्यात आहे.

२६ ऑगस्ट १९७९. एक कुटुंब यातल्या बफेलो केव्ह नावाच्या गुहेत जुने बाणफाळ शोधत होतं. उकरता उकरता गोणपाट लागलं आणि त्यात माणसाचं धड. डोकं नाही, हात नाहीत, पाय नाहीत. अंगात पांढरा, निळ्या बारीक रेघांचा शर्ट आणि वर मरून (गडद लाल) रंगाचा स्वेटर. मग बारा वर्षं काही नाही. ३० मार्च १९९१ला एका ११ वर्षांच्या मुलीला त्याच गुहेत वाळून गेलेला हात दिसला. पोलिसांनी पुन्हा खणलं तेव्हा दुसरा हात आणि दोन्ही पाय मिळाले, तेही गोणपाटात गुंडाळलेले. डोकं आजपर्यंत मिळालेलं नाही.

आयडाहो स्टेट युनिव्हर्सिटीच्या मानववंशशास्त्रज्ञांनी पाहिलं, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाची मदत घेतली, एफबीआयची घेतली. ठरलं ते एवढंच: युरोपीय वंशाचा पुरुष, वय चाळिशीच्या आसपास, केस तांबूस तपकिरी, आणि मृत्यू अलीकडचा, फार तर दहा वर्षांतला. अवयव धारदार हत्यारांनी तोडलेले. नाव नाही.

त्याचं नाव ३१ डिसेंबर २०१९ला जाहीर झालं. जोसेफ हेन्री लव्हलेस. जन्म ३ डिसेंबर १८७०, युटाह प्रदेशातल्या पेसन गावचा. मृत्यू बहुधा १९१६चा. म्हणजे सापडला तेव्हाच त्याला जाऊन त्रेसष्ट वर्षं झाली होती, आणि पोलीस सत्तरच्या दशकात हरवलेल्या माणसांच्या याद्या चाळत होते.

मला या गोष्टीतलं गूढ फारसं ओढत नाही. मला ओढते ती चिकाटी. ज्याची वाट पाहणारं कोणी उरलेलं नव्हतं त्याचं नाव शोधायला १४ स्वयंसेवक १५ आठवडे बसले. दोन हजारांहून जास्त तास. ३१,७३० माणसांची वंशावळ त्यांनी उभी केली. कशी, ते सवडीने प्रतिसादांत लिहितो. कोणाला यातलं अधिक ठाऊक असेल तर जरूर लिहा.

पिंपळपान
वाचतेय. पण दहा कुठे आणि त्रेसष्ट कुठे! एवढे मोठमोठे तज्ज्ञ एवढे कसे चुकले?

खडकवासी
पिंपळपान, उत्तराचा अर्धा भाग त्या गुहेत आहे. या गुहा म्हणजे लाव्हाच्या नळ्या. लाव्हा वाहत असताना वरचा थर हवेने गार होऊन घट्ट होतो, आतला पातळ लाव्हा पुढे वाहून जातो आणि मागे बोगदा उरतो. आपला सह्याद्रीही बेसाल्टचाच, पण आपल्याला माहीत असलेल्या गुहा म्हणजे अजिंठा, वेरूळ, कार्ले, सगळ्या माणसाने छिन्नी लावून कोरलेल्या. तिकडच्या आपोआप झालेल्या आहेत.

अशा बोगद्यात आत गेलं की उन्हाळा-हिवाळा फारसा कळत नाही. ऊन नाही, पाऊस नाही, तापमान बारा महिने जवळपास सारखं आणि थंड. त्यात कोरड्या मातीत पुरलेलं. कुजणं म्हणजे जिवाणूंचं काम आणि त्यांना पाणी लागतं. पाणी नाही म्हटल्यावर मांस कुजायच्या आधी वाळतं. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात महिन्याभरात हाडं उघडी पडतील. तिथे साठ वर्षांनीही कातडी हाडाला धरून राहिली.

जनुकवेडा
खडकवासींनी लिहिलंय त्यात थोडी भर. मृत्यूला किती काळ झाला हे डोळ्यांनी ठरवताना जाणकार ऊती किती उरल्यात, कीटकांच्या खुणा काय आहेत, हाडांचा ओशटपणा गेलाय का, असं बघतात. ही सगळी मोजमापं उघड्यावरच्या किंवा नेहमीच्या मातीतल्या मृतदेहांवरून बसवलेली. कोरड्या गुहेत ती फसतात. म्हणून मी त्या तज्ज्ञांना दोष देणार नाही. समोर दिसत होतं त्यावरून कोणीही तेच म्हटलं असतं.

एक चाचणी अशा वेळी कामाची असते. १९५०च्या दशकापासून ज्या उघड्या अणुचाचण्या झाल्या त्यांनी हवेतला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) १९६०च्या दशकात जवळपास दुप्पट केला. तो झाडांत गेला, झाडांतून जनावरांत आणि आपल्यात. त्या काळात किंवा नंतर जगलेल्या माणसाच्या शरीरात हा जास्तीचा कार्बन सापडतो, त्याआधीच गेलेल्यात सापडत नाही. अणुयुद्धासाठी राखून ठेवलेल्या गुहेतल्या माणसाला ही चाचणी लावली असती तर तो अणुयुगाच्या आधीचा आहे एवढं तरी कळलं असतं. अर्थात १९७९मध्ये हे तंत्र पोलीस तपासात रुळलेलं नव्हतं.

माळरान
कोरड्या गुहेने नेमकं उलट्या बाजूनेही फसवलेलं आहे. नेवाडातल्या फॅलनजवळ स्पिरिट केव्ह आहे. १९४०मध्ये सिडनी आणि जॉर्जिया व्हीलर या दांपत्याला तिथे एक पुरुष सापडला. सशाच्या कातड्याचं पांघरूण, पायांत चामडी पादत्राणं, भोवती लव्हाळ्याच्या विणलेल्या चटया. डोक्यावर केस शिल्लक होते. अंदाज बांधला गेला दीड-दोन हजार वर्षांचा. १९९०च्या दशकात कार्बन-१४ मोजून वय काढलं तेव्हा कळलं, दहा हजार सहाशे वर्षं! एका गुहेत साठ वर्षांपूर्वीचा माणूस कालचा वाटला, दुसरीत साडेदहा हजार वर्षांपूर्वीचा दोन हजारांचा.

त्या माणसाची ओळख हा पुढे मोठा झगडा झाला. फॅलनचे पायूट-शोशोनी लोक म्हणाले, हा आमचा पूर्वज आहे, आम्हाला द्या, आम्ही पुरतो. सरकारी खात्याचं म्हणणं, इतक्या जुन्या माणसाचं नातं सिद्ध होत नाही. प्रकरण कोर्टात गेलं, २००६मध्ये न्यायाधीशांनी खात्याचा निर्णय मनमानी ठरवला. शेवटी कोपनहेगनच्या एस्के विलरस्लेव यांच्या चमूने डीएनए वाचला आणि तो आजच्या मूळ अमेरिकन लोकांच्या जवळचा निघाला. २०१६मध्ये जमातीकडे सोपवला, २०१८मध्ये त्यांनी त्याला पुन्हा मातीत ठेवलं. त्याचं नाव कधीच कळणार नाही. पण आमचा म्हणणारी माणसं मिळाली. ओळख पटणं म्हणजे नाव कळणंच असतं असं नाही.

रानवाट
माळरान, हे इथे आणल्याबद्दल मनापासून आभार.

आता नाव कसं निघालं ते. २०१९मध्ये युनिव्हर्सिटी आणि शेरिफचं कार्यालय यांनी डीएनए डो प्रोजेक्ट या संस्थेला गाठलं. मार्गारेट प्रेस आणि कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी २०१७मध्ये ती सुरू केली, कामाचा मोठा भार स्वयंसेवकांवर. ‘डो’ म्हणजे तिकडचं अनोळखी प्रेताला द्यायचं नाव: जॉन डो, जेन डो. पायाच्या हाडातून डीएनए काढला, ऑथरम नावाच्या प्रयोगशाळेने तो पूर्ण वाचला, मग तो जीईडीमॅच आणि फॅमिली ट्री डीएनए या दोन ठिकाणी चढवला. आपली वंशावळ शोधायला लोक हौसेने जिथे आपला डीएनए ठेवतात ती ही ठिकाणं. तिथे त्याचे लांबचे नातेवाईक निघाले. त्यांच्या मुळांपासून मागे जायचं, समान पणजोबा-खापरपणजोबा गाठायचे आणि तिथून प्रत्येक फांदी खाली उतरवत यायची.

या फांद्यांत एक मोठा गुंता होता. लव्हलेसचं घराणं मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या सुरुवातीच्या वसाहतींतलं. आजोबांना चार बायका. म्हणजे चुलत्यांची पोरं ‘अर्धी’ चुलत. नेहमीच्या चुलतभावंडांत जेवढा डीएनए सामाईक निघतो त्याच्या निम्माच निघणार. आकडा बघून वाटायचं नातं दूरचं आहे, आणि असायचं एक पिढी जवळचं.

जनुकवेडा
इथे जरा थांबून सांगतो, कारण वर्तमानपत्रांत ‘डीएनए जुळला’ एवढंच येतं आणि दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. पोलिसांच्या नेहमीच्या चाचणीत गुणसूत्रांवरच्या मोजक्या जागा बघतात, अमेरिकेत सध्या २०. त्या जागा दोन नमुने एकाच माणसाचे आहेत का, किंवा बाप-लेक आहेत का हे सांगायला उत्तम. पण तुलनेला समोर कोणीतरी हवं: गुन्हेगारांची नोंद, नाहीतर हरवलेल्या माणसाचा जवळचा नातेवाईक. १८७०मध्ये जन्मलेल्या माणसाचं कोण असणार तिथे?

वंशावळीच्या पद्धतीत लाखो जागा वाचतात आणि दोन माणसांत सलग किती लांबीचे तुकडे सारखे आहेत ते मोजतात. माप सेंटिमॉर्गन. आई-मुलात सुमारे ३,४००, सख्ख्या चुलत-मावस भावंडांत साधारण साडेआठशे, पुढे झपाट्याने कमी होत जातं. पण ही लांबी नातं सांगत नाही, नात्यांची शक्यता सांगते. त्यातलं खरं कोणतं हे जन्मनोंदी, जनगणना, लग्नाची कागदपत्रं, जुनी वर्तमानपत्रं यांतूनच ठरतं. म्हणून दोन हजार तास लागतात. यंत्राचं काम आधीच उरकलेलं असतं, पुढे माणसांनी कागद वाचायचे असतात.

गोधडी
म्हणजे आपली त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची चोपडी! आजोबांचं दहावं करायला गेलो होतो तेव्हा गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारलं आणि लांबलचक बाडातून पणजोबांच्या सहीचं पान काढून दाखवलं होतं. मोडीतली सही. बाबा कितीतरी वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत बसले होते.

रानवाट
गोधडीताई, या दोन गोष्टींचा खरंच संबंध आहे. मॉर्मन लोकांत पूर्वज शोधणं धर्माचाच भाग आहे, मेलेल्या पूर्वजांसाठीही ते विधी करतात. म्हणून युटाहच्या वंशावळ संस्थेने जगभरच्या नोंदींचं मायक्रोफिल्मिंग केलं. त्यात हरिद्वार आणि कुरुक्षेत्र इथल्या पंड्यांच्या वह्यासुद्धा आहेत. लव्हलेस सापडला यात त्याचं घराणं युटाहचं असण्याचा मोठा हात आहे असं माझं मत. नोंदी ठेवणाऱ्यांच्या घरातला माणूस होता.

तिसरा_पार
इथे एक सांगायलाच हवं. चोपडीत नाव कोणाचं असतं? जे तीर्थाला जाऊ शकत होते त्यांचं. छापील कुलवृत्तांत कोणाचे आहेत? माझे आजोबा भटक्या जमातीतले. त्यांच्या जन्माचा कागद नाही, शाळेत घातलं त्या मास्तरांनी १ जून ही तारीख ठोकून दिली. आजीचं माहेरचं गाव कोणतं, तर ‘नदीपलीकडचं’. माझा डीएनए कितीही नीट वाचला तरी तीन पिढ्यांच्या वर कागद नाही. रस्त्यावर बेवारस मरणारी माणसं बहुतेक आमच्यासारख्या घरांतली असतात, हे लक्षात ठेवून हे तंत्र आपल्याकडे आणायचा विचार व्हावा.

रानवाट
तिसरा_पार, माझ्या लिहिण्यात ही बाजू आलीच नव्हती. तुम्ही म्हणता ते पटलं.

माळरान
कागद नसला की विज्ञान किती दूर नेतं त्याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे पंजाबातली अजनाल्याची विहीर. १८५७मध्ये मियां मीर छावणीतल्या २६व्या नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांना अमृतसरचा उपायुक्त फ्रेडरिक कूपर याच्या हुकमाने मारून विहिरीत टाकलं, २८२ जण. २०१४मध्ये लोकांनी विहीर खणून अस्थी वर काढल्या. कोणी म्हणे फाळणीतल्या आहेत, कोणी म्हणे १८५७च्या. पंजाब विद्यापीठ, हैदराबादची सीसीएमबी ही पेशी-रेणू जीवशास्त्राची संस्था, लखनौची बिरबल साहनी संस्था यांनी दातांवर काम केलं. ५० नमुन्यांचा डीएनए, ८५ नमुन्यांचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, माणूस कुठल्या भागात वाढला ते त्यांवरून कळतं). २०२२मध्ये निष्कर्ष आला: ही माणसं पंजाबातली नाहीत, गंगेच्या खोऱ्यातली आहेत. पलटणीच्या इतिहासाशी ते जुळतं. पण एकाही शिपायाचं नाव त्यातून लागलेलं नाही.

अबोली
सगळे प्रतिसाद वाचले. एका व्यक्तीचं नाव अजून धाग्यात आलेलं नाही म्हणून लिहिते. ॲग्नेस ऑक्टेव्हिया कॉल्डवेल लव्हलेस. या माणसाची दुसरी बायको, चार मुलांची आई. ५ मे १९१६ रोजी तिला कुऱ्हाडीने मारलं गेलं. त्याबद्दल त्यालाच पकडलं, आयडाहोतल्याच सेंट अँथनी गावच्या तुरुंगात टाकलं. १८ मे रोजी तो गज कापून पळाला, बुटात करवतीचं पातं लपवलेलं होतं. आधीही असाच तुरुंगातून पळालेला. तिच्या अंत्यविधीच्या वेळी तिचं एक मूल म्हणालं होतं की बाबा तुरुंगात फार दिवस राहत नाहीत, लवकरच बाहेर येतील, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रात आलं आहे. ते वाक्य वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. घरात काय चालत असेल ते त्या एका वाक्यात आहे.

त्याच्यावर तास खर्च करू नयेत असं मी म्हणत नाही. पण ‘गुहेतला माणूस’ म्हणून त्याच्याबद्दल हळहळताना तिचं नाव त्याच पानावर यायला हवं.

रानवाट
अबोली, तुमचं शंभर टक्के खरं. मी ते पुढच्या भागासाठी ठेवलं होतं, ते चुकलंच. ॲग्नेसचं नाव पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं.

तो पळाला त्यानंतरचा धागा असा. तो चोरटी दारू विकायचा, नावं बदलून राहायचा. वॉल्ट केर्न्स हे त्यातलंच एक. फरारी म्हणून जी पत्रकं लागली त्यात त्याच्या कपड्यांचं वर्णन होतं: फिक्या रंगाची टोपी, तपकिरी कोट, लाल स्वेटर, काळ्या पँटवर निळा ओव्हरऑल. आता १९७९च्या धडावरचा मरून स्वेटर आठवा. शोधणाऱ्यांना हे पत्रक सापडलं तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला असेल. तुरुंगातून निसटल्यावर फार दिवस गेलेच नसावेत, कपडे बदलण्याइतकेसुद्धा नाहीत. त्याच्या नावाचा थडग्याचा दगडही होता, पण त्याखाली कोणी नव्हतं. एकीकडे नाव आणि रिकामी जागा, दुसरीकडे देह आणि नाव नाही. शेवटी कॅलिफोर्नियात राहणाऱ्या ८७ वर्षांच्या नातवाने नमुना दिला आणि नातं पक्कं झालं.

त्याला कोणी मारलं ते कळलेलं नाही. ओळख पटली तेव्हा शेरिफने प्रकरण उघडंच ठेवलं होतं. ॲग्नेसच्या माणसांनी सूड घेतला असावा अशी चर्चा होते. पुरावा नाही म्हणून मी त्यात पडत नाही.

निवृत्त_जमादार
मी पोलीस खात्यात ३३ वर्षं काढली, त्यातली बरीच ग्रामीण ठाण्यांत. आपल्याकडे काय होतं ते सांगतो. अनोळखी प्रेत मिळालं की आधी अकस्मात मृत्यूची नोंद, मग इन्क्वेस्ट पंचनामा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १९४. फोटो, बोटांचे ठसे, उंची, गोंदण, जुन्या जखमांचे व्रण. सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश. प्रेत शवागारात ठेवायचं, वारस मिळाला नाही की पंचांसमक्ष विल्हेवाट. कपडे आणि अंगावरची चीजवस्तू मुद्देमालात.

आमच्या वेळी निम्मी ओळख कपड्यांवर व्हायची. शर्टाच्या कॉलरला शिंप्याची पट्टी असे, त्यावर दुकान आणि गाव. धोब्याची खूण असे. मी एकदा नुसत्या पट्टीवरून तीन जिल्हे ओलांडून घर गाठलं होतं. आता रेडिमेड कपडे, सगळ्यांचे सारखे. पट्टी काही सांगत नाही. म्हणून रानवाट यांनी तो स्वेटरचा उल्लेख केला तेव्हा मला फार जवळचं वाटलं.

एक गोष्ट नव्या पोरांना सांगतो. प्रेत दहन करण्याआधी दात किंवा मांडीच्या हाडाचा तुकडा राखून ठेवा. जाळलं की संपलं. राखेतून काही मिळत नाही.

कलमदान
जमादारकाकांना दुजोरा. मी वकिली करते. डीएनएच्या वापरासाठी आणि बेपत्ता, अनोळखी व्यक्तींच्या राष्ट्रीय माहितीसाठ्यासाठी २०१९मध्ये विधेयक आलं होतं, ते जुलै २०२३मध्ये मागे घेतलं गेलं. लोक म्हणतात आधारवरून का नाही ओळखत? तर आधार कायद्याच्या कलम २९ने बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद कोणालाही देण्यास मनाई आहे. ती मनाई जिवंत माणसांच्या भल्यासाठीच आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण त्यामुळे हरवलेल्यांसाठी वेगळी, संमतीवर चालणारी व्यवस्था हवीच. अमेरिकेतही हा वाद झाला. २०१८मध्ये जीईडीमॅच वापरून एक मोठा गुन्हेगार पकडला, लोक खवळले, आणि मे २०१९पासून पोलिसांना दिसायचं की नाही ते ज्याचा डीएनए त्याने स्वतः ठरवायचं असं झालं.

पिंपळपान
अमेरिकेत अशी प्रेतं किती असतात?

रानवाट
तिकडच्या न्याय खात्याच्या संस्थेचा अंदाज, वर्षाला सुमारे ४,४०० अनोळखी मृतदेह आणि त्यातले हजारेक वर्षानंतरही अनोळखीच.

सायली_च
मी इथे नेहमी फक्त वाचते. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे काका १९८८च्या मे महिन्यात सकाळी बाजाराला म्हणून निघाले ते परत आले नाहीत. मी तेव्हा सात वर्षांची. बाबा आणि धाकटे काका कुठे कुठे फिरले त्याला गणती नाही. कुठे प्रेत मिळालं असं कळलं की एसटीने निघायचे. तीन वेळा शवागारात जाऊन चादर वर करून पाहिलं. बाबा परत आले की आधी विहिरीवर आंघोळ करायचे आणि काही न बोलता जेवायला बसायचे. आजी विचारायची, तो होता का? बाबा मान हलवायचे. आजीला ‘नाही’चा आनंद व्हायचा आणि तिचं तिलाच वाईट वाटायचं.

काकू आज ७१ वर्षांची आहे. बारा वर्षांनी भटजींनी पालाशविधी सुचवला, पळसाच्या पानांची प्रतिमा करून अग्नी देतात तो. काकू तयार झाली नाही. सात वर्षांनंतर कोर्टातून मृत्यू जाहीर करून घेता येतो असं सगळ्यांनी सांगितलं, जमिनीसाठी ते करावंही लागलं. पण मंगळसूत्र तिने काढलेलं नाही आणि आम्हीही कधी विषय काढला नाही.

रानवाट यांनी लिहिलंय ना, एकीकडे नाव आणि रिकामी जागा, दुसरीकडे देह आणि नाव नाही. ते वाचून रात्री झोप आली नाही. आमच्याकडे रिकामी जागा आहे. कुठेतरी दुसरी बाजू असेल का? आता काही करता येईल का?

गोधडी
सायली, तुला सांभाळून वगैरे घ्यायची गरज नाही गं. लिहिलंस ते बरं केलंस.

निवृत्त_जमादार
सायलीताई, तीन गोष्टी करा. एक, तेव्हा मिसिंग दाखल केली होती त्या ठाण्यात जा, १९८८चं रजिस्टर आहे का विचारा. नसेल तर नव्याने अर्ज द्या, पोहोच घ्या. दोन, काकांचा मुलगा आणि तुमचे वडील किंवा धाकटे काका यांचे डीएनए नमुने घ्यावेत अशी लेखी विनंती करा. मुलगा आणि सख्खा भाऊ दोन्ही असले तर उत्तम. वडीलधाऱ्यांचं आधी घ्या, वय थांबत नाही. तीन, काकूंना बसवून अंगावर काय होतं ते सगळं लिहून काढा. कपडे, चप्पल, दात, मोडलेलं हाड, शस्त्रक्रियेचा व्रण. तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही. ३६-३७ वर्षांपूर्वीच्या बेवारस प्रेतांचं हाड जपून ठेवलेलं क्वचित सापडेल. पण कपड्याचं वर्णन कागदावर राहिलेलं असू शकतं. पंचनामा कुठल्या तरी कपाटात पडलेला असू शकतो.

कलमदान
काकांनी सांगितलंय तसंच करा. कोर्टाने मृत्यू गृहीत धरला असला तरी शोधायला काहीच आडकाठी नाही. पुरावा कायद्यातलं ते कलम, जुनं १०८, आताचं १११, फक्त गृहीतक आहे. अर्जाचा मसुदा लागला तर व्यक्तिगत निरोपात कळवा, मी करून देते.

तिसरा_पार
सायलीताई, तुमच्या भागात बाजार कुठे भरतो, ते एसटीने जाणार होते की पायी, हेही काकूंकडून लिहून घ्या. आमच्या आजोबांना शोधताना आम्ही ही चूक केली होती. माणसाचं वर्णन लिहिलं, वाट लिहिली नाही.

सायली_च
सगळ्यांचे आभार. रविवारी गावी गेले होते म्हणून उशीर झाला.

ठाण्यातलं रजिस्टर मिळालं नाही, पण काकूच्या ट्रंकेत तक्रारीची कार्बन कॉपी निघाली. तिने ती लुगड्याच्या घडीत ठेवली होती, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. कागद घडीवर फाटलाय. शाई फिकट झालीय. मी मोठ्याने वाचून दाखवलं: ‘उंची पाच फूट पाच इंच, रंग सावळा, डाव्या भुवईवर व्रण, अंगात पांढरा हाफ शर्ट, तपकिरी पँट, पायात टायरची चप्पल.’

काकू चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, ‘पांढरा नव्हता. मोतिया होता. आदल्या रात्री मीच इस्त्री केली होती. तुझ्या बाबांना तेव्हाच सांगितलं होतं, त्यांनी पांढरा लिहिला.’

नवीन अर्जात मोतिया लिहिलं आहे.